प्रति, माननीय नगरसेवक

वहिनी, तुझ्या तेराव्याला तुझ्या चाळीतल्या बायका एकेक करून माझ्यासमोर येत होत्या आणि हात जोडत होत्या. "सर, तुमच्यामुळे आमचा संडास झाला," म्हणत होत्या. पंगत उठत होती, दादा दाराशी पाटावर बसला होता, भिंतीवर तुझ्या फोटोला हार होता, आणि मी, तुझा धाकटा दीर, मान जराशी झुकवून म्हणत होतो, "अहो, माझं कसलं त्यात." हे वाक्य माणूस कधी म्हणतो ते तुला बरोबर माहीत होतं. सगळं आपलंच आहे हे समोरच्याने कबूल केलं की मगच म्हणतो.

तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. छातीत दुखतंय म्हणून रिक्षात बसलीस आणि घाटकोपरचा डोंगर उतरून हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत संपलीससुद्धा. मी मुलुंडहून निघेपर्यंत दादाचा दुसरा फोन आला होता. तेव्हापासून तुझ्याशी मनातल्या मनात बोलतोय आणि दर वेळी त्याच एका गोष्टीपाशी येऊन अडतोय. ती गोष्ट तुझ्या हयातीत सांगायला माझ्याकडे दीड वर्ष होतं. दीड वर्षात मी तुझ्याकडे किती वेळा जेवलो, मोजदाद नाही. सांगितली मात्र नाही. म्हणून आज लिहितो आहे, आणि लिहितानाही पेन सारखं थांबतंय.

सुरुवात मात्र चांगल्या दिवसांपासून करतो, कारण ते होते.

तू लग्न होऊन घाटकोपरच्या त्या खोलीत आलीस तेव्हा मी बी.एड. करत होतो. आई, दादा, तू आणि मी, आणि एकच खोली. मला पाठांतर मोठ्याने वाचल्याशिवाय जमायचं नाही. तू चुलीपाशी, म्हणजे स्टोव्हपाशी, माझी पाठ तुझ्याकडे, आणि मी म्हणत असायचो, सार्वभौम, समाजवादी, धर्मनिरपेक्ष, लोकशाही, गणराज्य. तू मालवणजवळच्या गावातून सातवी होऊन आलेली. एक दिवस तू विचारलंस, "ओ भावजी, सार्वभौम म्हंजे काय ता?"

मी म्हणालो, "ज्याच्यावर दुसऱ्या कुणाची सत्ता चालत नाही, तो."

"म्हंजे आमच्या सासूबाई," तू म्हणालीस. आई तिथेच खोबरं किसत बसली होती. तिने किसणी बाजूला ठेवून तुझ्याकडे बघितलं आणि मग तीच आधी हसली.

परीक्षेच्या आधीचे आठ दिवस तू माझं पुस्तक हातात धरून प्रश्न विचारायचीस. विधानसभा आणि विधान परिषद यांतला फरक सांगा. राज्यपालांची नेमणूक कोण करतं. तू अक्षर लावून वाचायचीस, त्यामुळे तुझा प्रश्न पुरा होईपर्यंत मला उत्तर आठवलेलं असायचं. मी पास झालो ते त्या संथ प्रश्नांच्या जोरावर, असं मी मेधाला लग्नानंतर कौतुकाने सांगायचो. तुला कधी सांगितलं की नाही, आठवत नाही. बहुतेक नाहीच.

मग मला मुलुंडच्या शाळेत नोकरी लागली, इतिहास आणि नागरिकशास्त्र. पुढे मुलुंडलाच दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. तुम्ही डोंगरावरच राहिलात. मी सव्वीस वर्षं पोरांना ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपालिका, महापालिका शिकवत आलो. आणि या सव्वीस वर्षांत वॉर्ड ऑफिसची पायरी एकदाही चढलो नाही. चढायची वेळच आली नाही गं. आमच्या सोसायटीत पाणी नाही आलं तर सेक्रेटरी बघतो, कचरा नाही उचलला तर सेक्रेटरी बघतो. माझ्यापुरतं सरकार म्हणजे आमचा सेक्रेटरी आणि सहावीच्या पुस्तकातला एक धडा. निवडणुकीची ड्युटी लागायची तीही मी कंबरदुखीचं सर्टिफिकेट देऊन चुकवायचो. तू एकदा विचारलंस, "भावजी, यंदा ड्युटी खंय लागली?" मी कंबर सांगितली. तू म्हणालीस, "मगे शेक घ्या." आणि खरंच पुढच्या खेपेला माझ्यासाठी मिठाची पुरचुंडी करून आणलीस. ती कंबर धडधाकट होती, वहिनी.

आता मूळ गोष्ट.

तुमच्या खोल्यांच्या ओळीच्या वरच्या अंगाला तो संडास होता. सहा बायकांचे, सहा पुरुषांचे. दर्शनी भिंतीवर कुठल्या तरी आमदाराच्या निधीतून बांधल्याची पाटी, आणि आत बायकांच्या सहापैकी चार दारं गायब. पायऱ्या खचलेल्या, पाण्याची टाकी फुटलेली. तो चालवायला घेतलेली संस्था केव्हाच तोंड काळं करून गेलेली. बायका एकमेकींसाठी बाहेर चादर धरून उभ्या राहायच्या. हे मला तू सांगितलंस तेव्हा मी तुमच्याकडे आंबोळ्या खात बसलो होतो आणि मला जरा संकोचच वाटला, की वहिनी खाताना काय हे बोलते.

तू विचारलंस, "पाटी आमदाराची आसा, पण रेश्मा म्हणता खासदाराकडे जाऊया, पारूमावशी म्हणता नगरसेवकाकडे. भावजी, ह्यां नेमकां कोणाचां काम?"

वहिनी, तुला काय सांगू, त्या क्षणी मी किती खूश झालो. कुणीतरी मला माझ्या विषयातलं विचारत होतं. वर्गात पोरं विचारतात ती परीक्षेला येणार का एवढंच. मी आंबोळीचं ताट सारलं, तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला तीन चौकोन काढले. वर केंद्र, तिथे खासदार. मधे राज्य, तिथे आमदार. खाली स्थानिक, तिथे नगरसेवक. "संडास, गटार, कचरा, दिवे," मी म्हणालो, "स्थानिक प्रश्न. पाटी कुणाचीही असू दे. जायचं नगरसेवकाकडे." आणि तिथल्या तिथे अर्ज लिहून दिला. माझं अक्षर चांगलं आहे, त्याचा मला गर्व आहे. प्रति, माननीय नगरसेवक. विषय, महिला शौचालयाच्या दुरवस्थेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. तू तो कागद दोन्ही हातांनी धरलास. म्हणालीस, "काय अक्षर आसा. वाचणाऱ्याक लाज वाटाक व्हयी."

तू बेचाळीस बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतलेस. मग तू आणि तुझ्या शेजारणी, पारूमावशी आणि रेश्मा, खाली उतरून नगरसेवकाच्या ऑफिसात गेलात.

त्यानंतरच्या रविवारी मेधाचा वाढदिवस होता. तू वडे तळून डबा भरून आणला होतास. आमच्याकडे शाळेतले दोघे आले होते, भूगोलाचे सर आणि चित्रकलेच्या बाई. सगळे हॉलमध्ये बसलेले. तू आतून पाणी घेऊन आलीस आणि तुझ्या मनात होतं तेच तू विचारलंस, कारण वेळकाळ बघून प्रश्न विचारायचा असतो हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. "भावजी, तिकडच्या माणसान सांगल्यान की सायेब आता माजी आसत. म्हणता, नगरसेवक आता कोणच नाय. सगळेच माजी."

मी हसलो. वहिनी, मी आधी हसलो. मग म्हणालो, "अगं एखादा हरला तर तो माजी होतो. सगळेच माजी कसे होतील? मग महापालिका कोण चालवतं, गणपती बाप्पा?"

भूगोलाचे सर खो खो हसले. चित्रकलेच्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला. मी अजून रंगात आलो. म्हणालो, "वहिनी, तुला नीट कळलं नसणार. त्याने तुला कटवलं. परत जा आणि ठणकावून सांग, आम्हाला नगरसेवकच भेटायला हवेत."

तू पण हसलीस. पदर तोंडाशी नेलास आणि म्हणालीस, "आसात बाबा. माझ्याच समजण्यात काय तरी चूक झाली आसात." आणि आत जाऊन वडे गरम करायला लागलीस. मेधा मला नंतर म्हणाली, "चारचौघांत तू हे जरा जास्तच केलंस." मी म्हणालो, "अगं, घरातलीच आहे ती."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत भूगोलाचे सर माझ्याजवळ आले. हातात मोबाइल. हळूच म्हणाले, "अरे यार, तुझी वहिनी बरोबर म्हणत होती. नगरसेवकांची मुदत संपून दोन वर्षं होऊन गेली. निवडणूकच झालेली नाही. सगळा कारभार प्रशासक बघतोय. मलाही पत्ता नव्हता."

तुला खरं सांगतो, माझे कान तापले. दोन वर्षं. दोन वर्षं मी सहावीच्या तीन तुकड्यांना फळ्यावर लिहून देत होतो की महापालिकेत लोकांनी निवडून दिलेले नगरसेवक असतात, ते आपापसातून महापौर निवडतात, आणि त्या दोन वर्षांत माझ्याच शहरात ना नगरसेवक होता ना महापौर. पेपर आमच्याकडे रोज येतो. मी क्रिकेटचं पान वाचतो, राशिभविष्य वाचतो आणि अग्रलेख चाळतो. चाळतो म्हणजे मथळा बघतो.

मी भूगोलाच्या सरांना काय म्हणालो असेन? म्हणालो, "कुठे बोलू नकोस."

आणि त्याच दिवशी पाचव्या तासाला सहावी ब वर तोच धडा होता. मी तो जसाच्या तसा शिकवला. एका मुलीने विचारलं, "सर, आपल्या वॉर्डाचे नगरसेवक कोण?" मी म्हणालो, "छान प्रश्न. घरी विचारून या, हाच गृहपाठ." पोरांनी दुसऱ्या दिवशी कुणाकुणाची नावं आणली. दोघा-तिघांनी प्रामाणिकपणे कंसात माजी लिहिलं होतं. मी सगळ्यांना बरोबरची खूण केली आणि वह्या परत दिल्या.

तुला फोन करायचा होता. तुझा नंबर काढायचो आणि मेधाने हाक मारली असं स्वतःलाच सांगून ठेवून द्यायचो. एक वाक्य होतं गं. वहिनी, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं, वॉर्ड ऑफिसात जा. हे म्हणायला मला अर्ध मिनिट लागलं असतं. पण ज्या बाईला मी चारचौघांत हसलो होतो तिला आता कुठल्या तोंडाने सांगायचं, हा विचार करण्यात पहिला आठवडा गेला. पुढे पुढे तर असं वाटायला लागलं की आता इतक्या दिवसांनी सांगितलं तर आजवर का नाही सांगितलं, हेही सांगावं लागेल. एक लपवलेली गोष्ट अशी रोज थोडी वाढत जाते.

आणि तू त्या ऑफिसात परत गेलीस. भावजींनी सांगितलंय म्हणून परत गेलीस. पुन्हा तेच उत्तर मिळालं तरी तिसऱ्यांदा गेलीस. हे मला दादाकडून कळत होतं. दादा फोनवर म्हणायचा, "ती आज पण खाली गेली होती रे, तुझा अर्ज घेऊन." मी विचारायचो, "बरं, जेवलास का?"

या मधल्या सहा-सात आठवड्यांत एका सकाळी तू पाण्याची बादली घेऊन त्या खचलेल्या पायरीवरून घसरलीस आणि मनगट मोडलं. मला कळलं तेव्हा मी पहिल्यांदा ठरवलं की आता पुरे. मोसंबी घेतली, मेधाला बरोबर घेतलं नाही, एकटाच डोंगर चढून आलो. वाक्य पाठ करून आलो होतो. तू प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसली होतीस आणि मी चपला काढायच्या आत तूच सुरू झालीस.

"भावजी, ऐका. मी वॉर्ड ऑफिसात जाऊन इलंय. ह्यो असो हात घेऊन. थंय एक बाई आसा, चांगली आसा. तिना बसवून सगळां सांगल्यान. आता नगरसेवक नसत, प्रशासक आसा. वॉर्डात सहायक आयुक्त म्हणून सायेब असता, अर्ज त्याच्याच नावान द्यायचो आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्को मारून पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडूची नाय, असां म्हणाली."

मी मोसंब्यांची पिशवी हातात धरून उभा. तू माझ्याकडे बघितलंस. किती वेळ बघितलंस कुणास ठाऊक. मग म्हणालीस, "ह्यां नवीनच झालां आसतलां, नाय? पुस्तकात अजून इलां नसात."

तू माझ्यासाठी दार उघडून धरलं होतंस, आणि मी त्यातून बाहेर पडलो. म्हणालो, "हो, हो. अलीकडेच झालंय ते."

हे खोटं होतं, वहिनी. आधीचं न सांगणं होतं, हे मात्र धडधडीत खोटं. तू म्हणालीस, "तुमचो अर्ज चांगलो होतो. फक्त वरचां नाव बदललंय." आणि मला मोसंबी सोलून द्यायला सांगितलंस, कारण तुला एका हाताने सोलता येत नव्हतं.

पुढचं सगळं तुझं आहे. त्या एका संडासापायी तू जे शिकलीस ते माझ्या पुस्तकात कुठेच नाही. जमीन कलेक्टरची, बांधकाम भलत्याच खात्याचं, साफसफाई तिसऱ्याची, आणि पाटी चौथ्याची. प्रत्येकाकडे गेलीस, प्रत्येकाची पोच घेतलीस. नऊ महिन्यांनी दारं लागली, पायऱ्या झाल्या, टाकी बसली. ज्या दिवशी काम पुरं झालं त्या दिवशी तू फोन केलास आणि म्हणालीस, "भावजी, कड्या पण आतून लागतत." मी तुझं अभिनंदन केलं. तू म्हणालीस, "मी सगळ्यांका सांगितलंय, अर्ज आमच्या भावजींनी लिवन दिल्यानी." मी गप्प बसलो. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

मग लोक तुझ्याकडे यायला लागले. रविवारी सकाळी तुझ्या दारापुढच्या पायऱ्यांवर बायका बसायच्या. रेशनचं काय, दाखल्याचं काय, मीटरचं काय. तू सांगायचीस कुठल्या ऑफिसात जायचं, कुठल्या खिडकीला, कुणाच्या नावाने लिहायचं. तुला माहीत नसलं तर म्हणायचीस, "माका म्हायत नाय, विचारून सांगतंय." मी एकदा येऊन मागे उभा राहून ऐकलं होतं. वर्गात मी सव्वीस वर्षांत हे वाक्य एकदाही उच्चारलेलं नाही.

आपलं एक भांडणही अर्धवट राहिलं. संडास झाल्यावर मी एकदा म्हणालो होतो, "बघ वहिनी, नगरसेवक नसून तुझं काम झालंच ना? मग त्यांच्यावाचून काय अडतंय? अधिकारी बरे." मी हे का म्हणालो ते मला माहीत आहे. नगरसेवक असणं-नसणं ही किरकोळ गोष्ट ठरली असती तर माझी चूकही किरकोळ झाली असती. नागरिकशास्त्राचा मास्तर स्वतःची अब्रू वाचवायला लोकशाहीच्या विरुद्ध बोलत होता.

तू भाकरी थापत होतीस. थांबलीस. म्हणालीस, "सायेब चांगलो होतो म्हणून झालां. वायट असतो तर? ह्यो सायेब बदली होऊन जातलो. नगरसेवक मत मागूक परत माझ्याच दारात येतलो ना? तेवा मी त्याका विचारतलंय. सायबाक कोण विचारतलो?"

मी म्हणालो, "बघू." तू म्हणालीस, "बघू काय? तुमी मास्तर, तुमी सांगा." मी घड्याळ बघितलं. तेव्हाचं उत्तर आज देतो. तुला ते मिळणार नाही, पण देतो. तू जे म्हणालीस त्यालाच आम्ही जबाबदार शासन म्हणतो. दोन गुणांची व्याख्या आहे ती. मी दर वर्षी पाठ करून घेतो आणि मला ती तुझ्या तोंडून ऐकताना ओळखू आली नाही.

अखेर निवडणूक झाली. तू सकाळी सकाळी मत देऊन आलीस आणि शाईच्या बोटाचा फोटो रेश्माकडून मला पाठवलास. त्यानंतर फार दिवस तुला मिळाले नाहीत. निवडून आलेला तो नवा माणूस तुझ्या दारात येण्याआधीच तू गेलीस. तेराव्याला तो येऊन गेला म्हणे, मी तेव्हा आत होतो.

आणि तेराव्याला बायकांनी मला हात जोडले. ते वर लिहिलंच आहे.

त्याच दिवशी निघताना पारूमावशी म्हणाल्या, "सर, सुनंदा गेली, आता रविवारी कोण सांगणार आम्हाला? तुम्ही या ना. तुम्ही तर शिकलेले." मी हो म्हणालो. आठ दिवस झोप नीट लागली नाही. मेधाने विचारलं काय झालं, तर तिला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. ती माझ्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "वाढदिवसाच्या दिवशी ती आत वडे गरम करताना रडत होती. मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तिनेच सांगू नको म्हटलं."

ते ऐकल्यावर मी परवाच्या रविवारी डोंगर चढलो. बावीस-तेवीस बायका तुझ्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. दादा आत होता. मला बसायला खुर्ची ठेवली होती. मी खुर्चीवर बसलो नाही, उभाच राहिलो, जसा वर्गात राहतो तसा, आणि म्हणालो की मला एक सांगायचं आहे. त्या अर्जावर मी नगरसेवकाचं नाव घातलं ते चूक होतं. तेव्हा नगरसेवकच नव्हते आणि मला ते माहीत नव्हतं. वहिनी विचारायला आली तेव्हा मी तिलाच हसलो. दुसऱ्या दिवशी मला खरं कळलं, तरी मी सांगितलं नाही. तुमचे दोन महिने माझ्यामुळे गेले. वहिनीचा हात माझ्यामुळे मोडला. संडास तिने केला. तेराव्याला मी तुमचे नमस्कार घेतले, ते माझे नव्हते.

मला वाटलं, आता उठून जातील. जायलाच हवं होतं.

पारूमावशींनी रेश्माकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माहितीये सर आम्हाला."

"काय माहितीये?"

"सगळंच. वॉर्ड ऑफिसातल्या बाईने सांगितलं होतं ना, दोन वर्षं झाली म्हणून. आम्ही तिघी होतो तिथे. बाहेर पडल्यावर रेश्मा तुमच्यावर भडकली होती. सर काहीही ठोकून देतात म्हणाली. तर सुनंदाने तिला तिथेच गप्प केलं. घरी आल्यावर सगळ्या ओळीला सांगितलं, कुणी भावजींना काही बोलायचं नाही. त्यांचं शाळेत नाव आहे, म्हणाली. त्यांना लाज वाटेल."

मी विचारलं, "मग तेराव्याला? ते हात जोडणं?"

रेश्मा म्हणाली, "वहिनीनेच सांगून ठेवलेलं ना सर. अर्ज भावजींचा, असंच म्हणायचं."

वहिनी, दीड वर्ष. एवढी माणसं, बोलायला एक नंबर फटकळ, आणि दीड वर्ष माझ्या तोंडावर कुणी ब्र काढला नाही. माझ्या वर्गात चुकीचं उत्तर दिलेल्या पोराला मी बाकावर उभं केलेलं आहे. इतर पोरं हसली तर मी हसू दिलेलं आहे. सव्वीस वर्षांत एकालाही मी असं सांभाळून घेतलेलं नाही.

मी तिथेच खालच्या पायरीवर बसलो. बायकांनी जरा सरकून जागा दिली. रेश्माने कुणाला तरी उत्पन्नाच्या दाखल्याचं सांगायला सुरुवात केली, तहसीलदाराचं ऑफिस कुठे, कागद कुठले, आणि मी ऐकत राहिलो. त्यातलं निम्मं मला नवीन होतं. दादा आतून चहा घेऊन आला. कप माझ्या हातात दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हणालो, "दादा, तुला पण माहीत होतं?"

"पी," तो म्हणाला. "गार होईल."

तू एकदा तरी मला ओरडायचं होतंस गं, वहिनी.